पार्ट कोडिंग आणि ग्रुप टेक्नॉलॉजी: छोट्या जॉबशॉपमध्ये ओपिट्झ चालतो का? (रबाळे, वागळेवाल्यांनो, इकडे या)

रबाळेकर
मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. तीन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगची सीएनसी मशीन), एक जुना स्लॉटर (खाच पाडायचं मशीन) आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर. स्वतःचं प्रॉडक्ट काही नाही, सगळं जॉबवर्क. महापे, तुर्भे, तळोजा इथले पंपवाले, व्हॉल्व्हवाले, पॅकेजिंग मशीनवाले. लॉट दहाचा, पन्नासचा, फार झालं तर दोनशेचा. कॉम्प्युटरवर जुनी ड्रॉईंग्ज दोनेक हजारांच्या घरात असतील, सगळी पार्टीच्या नावाच्या फोल्डरमध्ये.

दुखणं असं आहे. नवीन ड्रॉईंग आलं की सेटर (मशीन लावणारा) म्हणतो, "असला पीस आपण केलाय." केलाय खरा, पण कोणासाठी केला, प्रोग्राम नंबर काय, सॉफ्ट जॉ (पीसच्या मापाला बोअर करून घ्यायचे चकचे मऊ जबडे) कुठल्या कपाटात आहेत, हे कोणालाच सांगता येत नाही. मग नवा प्रोग्राम, नवे जॉ, नवा ट्रायल पीस. एकाच्या ड्रॉईंगवर 'स्लीव्ह' लिहिलेलं, दुसऱ्याच्या 'स्पेसर', तिसऱ्याच्या 'डिस्टन्स पीस'. नावाने शोधायला गेलं की हाती काही लागत नाही.

डिप्लोमाला ग्रुप टेक्नॉलॉजीचा, म्हणजे सारखे पीस एका गटात घेऊन करायचा, चॅप्टर होता. ओपिट्झ कोड (पीसचा आकार अंकांत लिहायची पद्धत), पार्ट फॅमिली (सारख्या पीसचा गट), मशीन सेल (त्या गटासाठीची मशीन) वगैरे. परीक्षेपुरता केला आणि सोडून दिला. आता वाटतंय की आपल्या रोगावरचं औषध तेच आहे. कोणी प्रत्यक्षात केलंय का? ओपिट्झच घ्यावा की आपलं आपण काही बनवावं?

खोपटचा_राघू
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हीच बोंब आहे.

फळा_खडू
रबाळेकर, आधी चॅप्टरची उजळणी करून देतो, मग भांडणाऱ्यांना रान मोकळं.

हेरवार्ट ओपिट्झ हे जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक. १९६० च्या दशकात त्यांनी कारखान्यांत खरोखर बनणाऱ्या भागांची पाहणी करून हा कोड बांधला. मुख्य कोड पाच अंकी, तो आकार सांगतो. पुढे चार पूरक अंक: माप, मटेरियल, कच्च्या मालाचं रूप आणि अचूकता. त्यापुढे कारखान्याने हवे तर स्वतःचे घालावेत.

एक फ्लँज बुश (टोकाला रुंद कडा असलेली नळी) घेऊ, मापं मिलिमीटरमध्ये. फ्लँजचा व्यास ८०, एकूण लांबी ५०, पुढचा भाग ५० व्यासाचा, ३० चं सरळ आरपार बोअर (मधलं भोक), बोअरमध्ये की-वे (चावीची खाच), फ्लँजवर पीसीडीला (एका वर्तुळावर) चार भोकं.

पहिला अंक वर्गाचा. साध्या गोल भागाची लांबी भागिले व्यास ०.५ पर्यंत असेल तर ०, ०.५ ते ३ च्या मध्ये असेल तर १, ३ किंवा जास्त असेल तर २. आपलं येतं ०.६२५, म्हणून १. दुसरा अंक बाहेरच्या आकाराचा: एकाच बाजूला पायरी, आटे नाहीत, ग्रूव्ह नाही, म्हणून १. तिसरा आतल्या आकाराचा: साधं बोअर, पुन्हा १. चौथा सपाट पृष्ठांच्या मशीनिंगचा: आतला स्लॉट आहे, म्हणून ६. पाचवा इतर भोकं आणि गियरचे दाते यांचा: अक्षाला समांतर भोकं, पीसीडीवर, म्हणून २. कोड झाला १११६२.

आता फ्लँज टोकावरून सरकवून मध्ये आणा. दोन्ही बाजूंना पायऱ्या झाल्या, दुसरा अंक ४ झाला, कोड १४१६२. फरक एकाच अंकाचा, पण पीस चकमध्ये उलटा धरावा लागणार, हे ड्रॉईंग न उघडता कळलं.

किसननगरचा_टर्नर
सर, टोकाला फ्लँज असला तरी मागची फेस कोण मारणार? पीस उलटावा लागतोच.

फळा_खडू
खरं आहे काका, उलटावा लागतो.

किसननगरचा_टर्नर
फरक कुठे आहे ते मी सांगतो. टोकाला फ्लँज असला तर उलटून नुसती फेस मारायची, चॅम्फर (तिरपी कडा) द्यायचा. पाच शतक (मिलिमीटरचे शंभरावे भाग) इकडेतिकडे धावला तरी बिघडत नाही. फ्लँज मध्ये असला की दोन्ही बाजूंचे व्यास एकाच सेंटरवर पाहिजेत. मग जॉ जाग्यावर बोअर करा, डायल लावा, पहिला पीस काढून चेक करा. अर्धी शिफ्ट तिथे जाते. तुमचा अंक बरोबर आहे, कारण हे आहे.

ऐरोलीकरीण
काकांनी मुद्द्याला हात घातलाय. मी एका मोठ्या कंपनीत प्रोसेस प्लॅनिंग बघते, तिथे हा प्रकार बऱ्यापैकी राबवलेला आहे.

रबाळेकर, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकात मिसळलेत. एक, "असा पीस आधी केला होता का?" हा शोधायचा प्रश्न. दोन, "कुठले लॉट एकापाठोपाठ लावले तर सेटिंग वाचेल?" हा मशीनवरचा प्रश्न. ओपिट्झचे पहिले पाच अंक पहिल्या प्रश्नाला छान उत्तर देतात. दुसऱ्याला अर्धवट देतात, कारण ते पीसचा आकार बघतात, तुमचं मशीन बघत नाहीत.

वरचाच बुश घ्या. बोअर एच ७ (घट्ट टॉलरन्स, म्हणजे मापात फार थोडी सूट) असो की अधिक-उणे ०.१, पाच अंक तेच. प्रत्यक्षात एक पीस ड्रिल मारून साध्या बोअरिंगला सुटतो, दुसऱ्याला फिनिश बोअरिंग बार, बोअर गेज आणि प्रत्येक पीसची तपासणी. कोणी म्हणेल नववा अंक अचूकतेचाच आहे. आहे, पण तो अचूकता कुठल्या पृष्ठांवर हवी ते सांगतो, किती हवी ते सांगत नाही.

दुसरं, ०.५ आणि ३ या सीमा. ३ च्या वर टेलस्टॉक (लांब पीसच्या दुसऱ्या टोकाचा आधार) लागतो, हे ढोबळ खरं. पण तुमच्या शॉपमध्ये खरी सीमा वेगळी असेल: बार (लांब सळी) स्पिंडलमधून (लेथच्या फिरत्या पोकळ दांड्यातून) आरपार जातो का? जात असेल तर बारवरून पीस पाडत राहायचे, नाही तर एकेक तुकडा कापून चकमध्ये धरायचा. सेटिंग वेगळं, ऑपरेटरचं काम वेगळं, रेटसुद्धा वेगळा. हा अंक कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, तो तुमच्या मशीनच्या पाटीवर आहे.

तिरका_प्रश्न
जरा काडी टाकतो. कोड हवाच कशाला? एक्सेलमध्ये बाहेरचा व्यास, बोअर, लांबी, मटेरियल असे कॉलम करा आणि फिल्टर मारा. साठ वर्षांपूर्वीचा जर्मन कोड रबाळ्यात कशाला उगाळायचा?

ऐरोलीकरीण
काडी बरोबर जागी पडली! त्या काळी माहिती पंचकार्डावर किंवा हाताने चाळायच्या कार्डांवर असायची. जागा मोजकी, म्हणून ८० व्यास 'पन्नास ते शंभर' या डब्यात घालून एक अंक लिहायचा. आज ८० चा ८० लिहिता येतो, तर डबा कशाला? मापांपुरतं तुमचं शंभर टक्के मान्य.

पण 'पायऱ्या दोन्ही बाजूंना आहेत', 'की-वे आत आहे', 'भोकं पीसीडीवर आहेत की वाकडीतिकडी', हे मिलिमीटरमध्ये कसं लिहाल? आणि वाक्यात लिहिलं की प्रत्येक जण वेगळं लिहिणार. कोणी 'कीवे', कोणी 'की स्लॉट', कोणी 'चावीघाट'. फिल्टर तिथेच झोपतो. अंक ठेवायचे ते तेवढ्यासाठी.

तिरका_प्रश्न
बरं, पटलं. म्हणजे मापं कॉलममध्ये, खुणा अंकांत.

फळा_खडू
या निमित्ताने रचनेचं सांगतो, कारण स्वतःचा कोड बनवताना लोक इथेच अडकतात. एक प्रकार मोनोकोड. तो पिन कोडसारखा: ४००६०१ आणि ४००७०८ मधले शेवटचे दोन अंक आधीचे अंक माहीत असल्याशिवाय काहीच सांगत नाहीत. ब्रिटनची ब्रिश पद्धत या जातीची. थोडक्या अंकांत खूप मावतं, पण बांधायला आणि बदलायला कटकट. दुसरा पॉलिकोड: तिसऱ्या जागेवर ६ आला की अर्थ ठरलेला, आधी काहीही असो. वाचायला सोपा, पण अंक वाढत जातात. जपानच्या केके-३ मध्ये तर २१ अंक आहेत. ओपिट्झ मधला, मिश्र: गोल आणि बिगरगोल यांनुसार पुढच्या अंकांचे अर्थ बदलतात, पण गोल भागांच्या आत बरेचसे स्थिर राहतात.

तुमच्या आकाराच्या शॉपला पॉलिकोड घ्या, सहासात अंकांच्या वर जाऊ नका.

किसननगरचा_टर्नर
एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली, १९६२ मध्ये. तिथल्या शॉपमध्ये माझी हयात गेली. तेव्हा कोडबिड नव्हता, फोरमनच्या डोक्यात सगळं असायचं. तो रिटायर झाला की अर्धं शॉप आंधळं व्हायचं. म्हणून मी कोडच्या विरोधात नाही. पण कोड टाकायला ऑफिसातल्या पोराला बसवू नका. त्याला रिलीफ ग्रूव्ह आणि सर्क्लिप ग्रूव्ह (अडकवायच्या रिंगची खाच) यातला फरक कळत नाही. ग्राइंडिंगसाठी दिलेला अंडरकट हा कामाचा ग्रूव्ह नव्हे, सर्क्लिपचा आहे. दोघांना एकच अंक दिला की फॅमिलीत भेसळ.

रबाळेकर
काका, हे लिहून ठेवलं. पण सेटरला कोडिंगला बसवलं तर मशीन कोण लावणार?

किसननगरचा_टर्नर
रोज जेवणानंतर दहा ड्रॉईंग. बाकी दोन हजारांच्या नादी लागू नकोस. ज्यांची ऑर्डर येते तीच कोड कर. जी परत येत नाहीत ती पडू देत.

घणसोलीचा_सेटर
+१. जुन्याचं श्राद्ध घालत बसलात तर सहा महिन्यांनी सगळे कंटाळतात आणि फाइल बंद.

ऐरोलीकरीण
आता दुसऱ्या प्रश्नाकडे, सेटिंग वाचवायच्या. इथे कोड बाजूला ठेवून रूट कार्ड (पीस कुठल्या मशीनवरून जातो त्याची नोंद) काढा. ब्रिटनचे जॉन बर्बिज यांनी १९६० च्या दशकात हाच आग्रह धरला: पीस कसा दिसतो ते सोडा, तो कुठल्या मशीनवरून जातो ते बघा. त्याला उत्पादन प्रवाह विश्लेषण म्हणतात. रूट कार्ड प्रत्येक शॉपमध्ये असतंच, निदान चलनाच्या मागे खरडलेलं तरी.

तक्ता करा, आडव्या ओळीत मशीन, उभ्या कॉलममध्ये पीस, जिथे जातो तिथे १. तुमच्याकडे लगेच अडचण येईल: सगळेच पीस लेथवर जातात. त्या ओळीत सगळीकडे १, म्हणजे ती काहीच वेगळं करत नाही. ती ओळ आधी उडवा. नमुन्यादाखल पाच पीस घेते: अ फ्लँज बुश, ब पिन, क कपलिंग हब, ड गाइड शाफ्ट, इ कव्हर. व्हीएमसीवर अ, क, इ. स्लॉटरवर अ, क. ग्राइंडरवर ब, ड.

किंग यांची १९८० ची रँक ऑर्डर पद्धत अशी. कॉलमना डावीकडून १६, ८, ४, २, १ वजन द्या. व्हीएमसीची ओळ १६+४+१ म्हणजे २१. स्लॉटर १६+४ म्हणजे २०. ग्राइंडर ८+२ म्हणजे १०. मोठ्याकडून लहानाकडे ओळी लावा. मग ओळींना वरून ४, २, १ वजन देऊन कॉलमची बेरीज: अ ६, क ६, इ ४, ब १, ड १. कॉलम लागले अ, क, इ, ब, ड. दोन ठोकळे स्वच्छ सुटले: व्हीएमसी-स्लॉटरवाले तीन, ग्राइंडरवाले दोन. तीनपैकी एक लेथ ग्राइंडरवाल्यांना वाहून द्या, दोन पहिल्या गटाला.

पाच पीसवर हे डोळ्यांनीही दिसतं म्हणा. पन्नासवर दिसत नाही. आणि खऱ्या तक्त्यात एखादा आडमुठा पीस निघतोच, जो दोन्ही गटांत पाय टाकून बसतो. त्याच्यासाठी सगळा तक्ता वाकवू नका. एक तर त्याची प्रोसेस बदला, नाही तर तेवढा पीस बाहेर करून घ्या.

खोपटचा_राघू
वाचनखूण साठवली. ताई, मशीन हलवायची का पण? आमच्या गाळ्यात मशीन हलवायची म्हणजे आधी शेजाऱ्याच्या गाळ्यात जागा मागायची.

ऐरोलीकरीण
नका हलवू. सेल कागदावर राहिला तरी चालतो. लॉट लावायचा क्रम बदलला तरी बराचसा फायदा तिथेच मिळतो.

किसननगरचा_टर्नर
क्रमाचं निघालंय तर हे ऐका. सॉफ्ट जॉ एकदा ३८ ला बोअर केला की तो ४२ ला करता येतो, ३५ ला येत नाही. काढलेलं मटेरियल परत कुठून आणणार? म्हणून एका फॅमिलीचे लॉट लहान व्यासाकडून मोठ्याकडे लावायचे. तोच जॉ थोडा थोडा उघडत न्यायचा. बहुतेक शॉपमध्ये पार्टीचा फोन येईल तसा लॉट चढतो, पहिला ६०, मग ३५, मग ५०. प्रत्येकाला नवा जॉ. महिन्याअखेर जॉचं बिल बघून शेठ ओरडतो.

रबाळेकर
हे तर आमच्याच शॉपचं वर्णन झालं. पण डिलिव्हरीची तारीख आडवी येते ना.

किसननगरचा_टर्नर
येते. ज्याची आजच जायची आहे तो आधी घे. पण आठवड्यात जायचे जे चार आहेत, ते तरी क्रमाने लाव.

घणसोलीचा_सेटर
माझ्या विषयावर कोणीच बोलेना म्हणून मीच येतो. लेनिनग्राडचे मित्रोफानोव, ज्यांनी १९५० च्या दशकात ही ग्रुपची कल्पना मांडली, त्यांचं मला सगळ्यात आवडतं ते काल्पनिक भागाचं तंत्र. फॅमिलीतल्या सगळ्या पीसचे सगळे गुण एकाच पीसमध्ये आहेत असं समजायचं, तसा पीस कुठेही नसतो. मशीन त्याच्यासाठी लावायचं. खरा पीस आला की त्याला जे नको ते वगळायचं. त्यांच्या काळी ते टर्रेट लेथवर (फिरत्या डोक्यावर टूलं बसवलेला लेथ) होतं. आपल्याकडे फानुकवर (सीएनसीचा कंट्रोल) मॅक्रोने, म्हणजे मापं बाहेरून घेणाऱ्या प्रोग्रामने होतं.

स्पेसरची फॅमिली घ्या. एकच प्रोग्राम, ओ९०१०. बोलवायचं असं: जी६५ पी९०१० ए६०. बी३०. सी२५. डी१. म्हणजे बाहेरचा व्यास ६०, बोअर ३०, लांबी २५, चॅम्फर १. प्रोग्रामच्या आत ते #१, #२, #३ या आकड्यांच्या खणांमध्ये जातात आणि डी जातो #७ मध्ये, #४ मध्ये नाही. नवे पोरगे तिथे हमखास फसतात. आकड्यानंतरचं टिंब सोडू नका. चॅम्फर नको असेल तर डी देऊच नका, आत रिकामा आहे का ते तपासून ती ओळ उडवायची. बोअर चुकून बाहेरच्या व्यासापेक्षा मोठा टाकला गेला तर #३००० ने अलार्म द्यायचा, मशीन तिथेच थांबेल.

नवीन साइझचा स्पेसर आला की प्रोग्रामिंग एका ओळीत संपतं. टर्रेटची टूलंही त्याच जागी: १ ला रफिंग, ३ ला फिनिशिंग, ५ ला ड्रिल, ७ ला बोअरिंग बार. कोणी हलवायची नाहीत. बोअर बदलला तर तेवढं ड्रिल बदला.

तिरका_प्रश्न
कोडपेक्षा हे जास्त कामाचं वाटतंय.

घणसोलीचा_सेटर
कोड नसेल तर ही चाळीस ड्रॉईंग एकाच फॅमिलीतली आहेत हे तुम्हाला कळणार कसं, दादा? पहिल्या पार्टीकडे तो स्लीव्ह, दुसरीकडे डिस्टन्स पीस.

फळा_खडू
दोन किरकोळ सूचना, पण सोडू नका. एक, एक्सेलमध्ये कोडचा कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. चपट्या चकतीचा कोड ० ने सुरू होतो आणि एक्सेल तो शून्य गिळून टाकतं. ०११०२ चा ११०२ झाला की चकती हरवली. दोन, कोडला पार्ट नंबर करू नका. उद्या ड्रॉईंगचं रिव्हिजन आलं, एक भोक वाढलं, कोड बदलला. पार्ट नंबर मात्र चलनावर, बिलावर, पार्टीच्या पीओवर बसलेला असतो. दोघांचे कॉलम वेगळे.

तिरका_प्रश्न
आणि एआयला ड्रॉईंग दाखवून कोड काढला तर?

ऐरोलीकरीण
तुमच्या पार्टीने सही करून घेतलेला गोपनीयतेचा करार आधी वाचा, मग दाखवा.

रबाळेकर
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सध्या असं ठरवलंय. मापं आणि मटेरियल सरळ कॉलममध्ये. अंक सहाच: वर्ग, बाहेरचा आकार, आतला आकार, सपाट मशीनिंग, भोकं (हे पाच ओपिट्झचेच, म्हणजे नवा माणूस पुस्तकात बघू शकेल), आणि सहावा आमचा: बारवरून होतो, चकमध्ये धरावा लागतो की फिक्स्चर (त्या पीससाठी बनवलेली पकड) लागतं. त्याशिवाय प्रोग्राम नंबर आणि जॉ कुठल्या खणात आहेत त्याचा कॉलम. कोडिंग सेटर करेल, नवीन ऑर्डर येईल तसं. सुरुवात स्पेसर आणि साध्या बुशपासून. टॉलरन्सचं काय करावं ते कळत नाहीये.

ऐरोलीकरीण
सगळ्यात घट्ट टॉलरन्स कुठला आहे तो मायक्रॉनमध्ये एका कॉलममध्ये लिहा, बोअरचा की बाहेरचा ते पुढच्या कॉलममध्ये. त्याला अंक नको.

खोपटचा_राघू
कास्टिंगचं काय? आमच्याकडे निम्मी पंपाची बॉडी असते.

ऐरोलीकरीण
त्याचा वेगळा धागा काढा. तिथे आकाराच्या कोडपेक्षा फिक्स्चर नंबर कामाला येतो, कारण एका फिक्स्चरवर जेवढ्या बॉडी बसतात तीच तुमची फॅमिली.

रबाळेकर
घणसोलीकर, मॅक्रो आज रात्रपाळीला टाकून बघू का?

घणसोलीचा_सेटर
रात्रपाळीला नको, सकाळी स्वतः उभं राहून. आधी पीस न लावता, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) ऑन, रॅपिड (टूलची मोकळी धाव) २५ टक्क्यांवर. आणि ९००० च्या पुढचे प्रोग्राम बहुतेक मशीनवर लॉक असतात, पॅरामीटर उघडल्याशिवाय एडिट होणार नाहीत. काम झालं की परत लॉक करा, नाही तर कोणीतरी दुपारी त्यात हात घालेल.